लेखक तुमच्या शाळेत येणार असतील तर : मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांसाठी माहितीपत्रक

आमचं काम छोटं आहे. मुलांसाठी लिहिणारे लेखक आणि गोष्टी सांगणारे कथाकार यांची प्राथमिक शाळांशी गाठ घालून द्यायची, दिवस आणि वेळ ठरवायची, आणि त्या दिवसाचं चीज व्हावं म्हणून दोन्ही बाजूंना आधीपासून तयार करायचं. हे पत्रक त्या तयारीसाठी आहे. मुख्याध्यापकांनी ते वाचावंच, पण ज्या वर्गात भेट होणार आहे त्या वर्गशिक्षकांच्या हाती ते नक्की द्यावं, ही विनंती.

आमची एक अट आधीच सांगतो, कारण बोलणी बहुतेक वेळा तिथेच अडतात. एका सत्रात आम्ही जास्तीत जास्त ६० मुलं घेतो. म्हणजे एक वर्ग, फार तर दोन तुकड्या.

पूर्वी ही अट नव्हती. एका शाळेत आम्ही लेखिकेला घेऊन गेलो तेव्हा सभागृहात साडेतीनशे मुलं बसवलेली होती. पहिलीची पुढे, चौथीची मागे. व्यासपीठ उंच, समोर हारतुरे, मग प्रास्ताविक, मग परिचय. गोष्ट सुरू झाली तेव्हा पहिलीतली मुलं पाऊण तास मांडी घालून बसलेली होती. पुढच्या चार-पाच रांगा ऐकत होत्या. त्यामागच्या मुलांना लांबवर एक बाई ध्वनिक्षेपकात बोलताना दिसत होत्या, एवढंच. शाळेने मनापासून केलं होतं, कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण परतताना लेखिका म्हणाल्या, "मी मुलांना भेटलेच नाही." त्यानंतर आम्ही अट घातली. सगळ्या शाळेला लाभ मिळावा असं वाटत असेल तर एका दिवसात तीन सत्रं होऊ शकतात. चौथं नाही. तीन सत्रांनंतर सांगणाऱ्याचा आवाज आणि उत्साह दोन्ही उतरतात आणि शेवटच्या वर्गावर अन्याय होतो.

भेटीच्या आधीचे पंधरा दिवस

भेटीचं यश आमच्या मते इथेच ठरतं. मुलांनी पुस्तक आधी पाहिलेलं, ऐकलेलं असेल तर दारातून आत येणारी व्यक्ती त्यांच्या ओळखीची असते. नसेल तर तो आणखी एक पाहुणा. म्हणून तारीख पक्की झाली की आम्ही त्या लेखकाच्या पुस्तकांच्या काही प्रती शाळेकडे पाठवतो. त्या कपाटात बंद करू नका. वर्गात, मुलांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवा. पानं थोडी मळली, एखादं फाटलं, तरी आम्ही विचारणार नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः वर्गाला वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर तीच पुन्हा वाचा. न्यूझीलंडमधले संशोधक वॉरविक एली यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गांत यावर काम केलं होतं. ते १९८९ साली प्रसिद्ध झालं. शिक्षकांनी एकच गोष्ट आठवड्याभरात तीनदा वाचून दाखवली. नुसत्या ऐकण्यातून मुलांना गोष्टीतल्या नव्या शब्दांपैकी सुमारे १५ टक्के शब्द कळू लागले. जिथे शिक्षकांनी वाचता वाचता अवघड शब्दाशी क्षणभर थांबून त्याचा अर्थ सांगितला, तिथे हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेलं. क्षणभर थांबायचं, चित्राकडे बोट दाखवायचं, पुढे जायचं, एवढंच. त्यासाठी पाहुण्याची गरज नाही. लेखक वर्गात एकदाच येतात, तुम्ही रोज असता.

प्रश्नांची तयारी करून घ्यायची असेल तर मुलांना चिठ्ठ्या लिहू द्या आणि त्या एका डब्यात टाकू द्या. कृपया प्रश्न निवडू नका, सुधारू नका, फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. "तुम्हाला लेखनाची प्रेरणा कशी मिळाली?" हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाचा नसतो, हे लेखकांना लगेच कळतं. मुलांचे प्रश्न वेगळे असतात. चित्रातल्या कुत्र्याचा एक कान पुढच्या पानावर का वाकला? तुम्हाला शाळेत मार पडायचा का? गोष्ट लिहून झाल्यावर ती मुलगी कुठे गेली? हे प्रश्न जसेच्या तसे आमच्यापर्यंत येऊ देत.

कथाकथन आणि अभिवाचन

या दोहोंत गल्लत होते, म्हणून थोडं सांगतो. कथाकथनात हातात पुस्तक नसतं. सांगणारा मुलांच्या डोळ्यांत पाहून गोष्ट सांगतो, समोरचे चेहरे पाहून ती लांबवतो, आखडती घेतो, मध्येच कुजबुजतो. लोककथा अशाच टिकल्या. दर वेळी थोडी वेगळी गोष्ट होणं हा तिथे दोष नसून तिचा स्वभाव आहे. अभिवाचनात मात्र लेखकाने लिहिलेला शब्द न् शब्द जपायचा असतो. तिथे मुलं चित्र पाहतात आणि ऐकतात, आणि आपण ऐकतोय ते या पानावर छापलेलं आहे, हे त्यांना दिसत असतं. वाचायला नुकतंच शिकणाऱ्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आमच्याकडचे काही कथाकार जपानी कामिशिबाईच्या पद्धतीने गोष्ट सांगतात. १९३०च्या दशकात जपानमधल्या रस्त्यांवर सायकलवर लाकडी चौकट बांधून फिरणाऱ्या कथाकारांनी ही पद्धत घरोघरी पोचवली. चौकटीत चित्रांचे पुठ्ठे एकामागे एक ठेवलेले असतात. समोरचा पुठ्ठा बाजूला सरकवून शेवटी नेला की त्याच्या पाठीवर पुढच्या चित्राचा मजकूर कथाकाराला दिसतो. पुठ्ठा किती सावकाश सरकवायचा, यात सगळं कसब. अर्धं चित्र दिसत असताना वर्ग श्वास रोखून बसतो. यासाठी मात्र ३० ते ३५ मुलंच हवीत, मागच्यांना चित्र दिसत नाही.

साधारणपणे पहिली-दुसरीसाठी आम्ही कथाकथन सुचवतो, २५ ते ३० मिनिटांचं, ज्यात एखादं पालुपद परत परत येतं. पहिल्यांदा मुलं ऐकतात, दुसऱ्यांदा ओठ हलवतात, तिसऱ्यांदा सगळा वर्ग म्हणतो. घरी वेगळी भाषा बोलणारं मूलही त्या तिसऱ्या वेळी सामील होतं, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. तिसरी-चौथीला वाचन आणि गप्पा मिळून ४५ मिनिटं पुरतात. वेळ सकाळची घ्या. शेवटचा तास घेऊ नका, मुलांचं लक्ष घंटेकडे असतं.

खोली

मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात, सांगणारा बुटक्या स्टुलावर. खिडकी सांगणाऱ्याच्या पाठीमागे नको, उजेड डोळ्यांवर येऊन चेहरा काळा दिसतो आणि निम्मी गोष्ट चेहऱ्यावर असते. घरघर करणारा पंखा शक्य असेल तर बंद ठेवा. चाळीसपर्यंत मुलं असतील तर ध्वनिक्षेपक लागत नाही. त्याहून जास्त असतील तर हातात धरायचा नको, कपड्याला लावायचा हवा, कारण दोन्ही हात गोष्टीला लागतात.

आणि वर्गशिक्षकांनी वर्गात थांबावं. मागे बसून वह्या तपासण्यासाठी नव्हे, मुलांबरोबर ऐकण्यासाठी. शिक्षक हसले की मुलं मोकळी होतात. एखाद्याची चुळबुळ सुरू झाली तर लगेच दटावू नका, ते कथाकारावर सोडा. त्यांना त्याची सवय असते.

लेखक काय दाखवतात

गोष्ट झाली की बहुतेक लेखक पिशवीतून आपले कच्चे खर्डे काढतात. आमच्या मते भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. मुलांच्या वहीत खाडाखोड म्हणजे चूक. इथे मात्र छापील पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या पानावर ओळीच्या ओळी खोडलेल्या, बाण काढलेले, समासात भलतंच काही. एका वर्गात लेखकांनी खर्ड्यातलं वाक्य दाखवलं. आधी "वारा भणाणला" होतं, ते खोडून "वारा सुटला" केलेलं. दुसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "आधीचंच चांगलं होतं." लेखक थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हो, तुझं बरोबर आहे." त्या मुलीला त्या दिवशी काय मिळालं, ते कुठल्याही प्रमाणपत्रावर लिहिता येणार नाही.

कागद दुमडण्याचा खेळही होतो. एक मोठा कागद तीनदा दुमडून कडा कापल्या की आठ पानं होतात, म्हणजे सोळा पृष्ठं. असे दोन घडलेले कागद एकात एक घातले की ३२. जगभरातली कितीतरी चित्रपुस्तकं ३२ पृष्ठांची असतात ती यामुळेच. नाव आणि इतर माहितीची पृष्ठं वजा केली की गोष्टीला समोरासमोरच्या पृष्ठांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात, आणि लेखकाला सगळं त्यांत बसवावं लागतं. उजव्या पृष्ठावर प्रश्न सोडायचा आणि पान उलटल्यावर उत्तर द्यायचं, ही युक्ती कळली की मुलं घरी जाऊन स्वतःची पुस्तकं दुमडायला लागतात.

एक कळकळीची विनंती

गोष्ट संपल्या संपल्या "मग यातून काय शिकलात?" असं विचारू नका. हा प्रश्न आपल्या जिभेवर इतका बसलेला आहे की तो नकळत येतो. तात्पर्य मागितलं की मुलं शहाण्यासारखं उत्तर देतात, "खोटं बोलू नये", आणि गोष्ट तिथेच संपते. थोडा वेळ शांतता राहू द्या. बोलायचंच असेल तर विचारा, "तुम्हाला कुठे भीती वाटली?" किंवा "तुम्ही असता तर दार उघडलं असतं का?" तात्पर्य ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या वेळी सापडेल.

आम्हाला आधी कळवा

वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर त्याला सांगणाऱ्याचे ओठ दिसतील अशी जागा ठरवता येते. मोठ्या आवाजाने, अचानक टाळ्यांनी त्रास होणारं मूल असेल तर ते दाराजवळ, ओळखीच्या माणसाशेजारी बसू दे, आणि गोष्टीतला गडगडाट कथाकार हळू करतील. नुकतंच कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर नाव नको, फक्त तेवढी कल्पना द्या. गोष्टींमध्ये आजी-आजोबा जातात, कुत्री हरवतात. आम्ही अशा गोष्टी टाळण्याच्या मताचे नाही, पण त्या आठवड्यात, त्या वर्गात कोणती सांगायची, हे निवडण्याची संधी कथाकाराला मिळायला हवी.

पुस्तकविक्री, सह्या, छायाचित्रं

पुस्तकविक्री हवी असेल तरच ठेवतो, आणि ती शाळा सुटल्यावर, पालकांसमोर. भर वर्गात कुणी पुस्तक घेतलं आणि कुणी नाही, हे दिसता कामा नये. सही मात्र प्रत्येक मुलाला मिळते. पुस्तक नसेल तर वाचनखुणेवर, आणि तीही लेखकाने स्वतः केलेली. मुलांची नावं आधी चिठ्ठीवर लिहून ठेवलीत तर ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. आपलं नाव चुकीचं लिहिलेलं मुलांना फार लागतं.

पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रं आम्ही कुठेही वापरत नाही. सबंध गोष्टीचं चित्रीकरण शाळेनेही करू नये. गोष्टीवर लेखकाचा हक्क असतो, आणि समोर कॅमेरा असला की सांगणाराही सावरून बोलतो.

मानधनाबद्दल मोकळेपणाने बोलू या. "मुलांसाठीच तर आहे" म्हणून लेखकांनी विनामूल्य यावं, हे आम्हाला पटत नाही. एका भेटीमागे लेखकाचे लिहिण्याचे दोन-तीन दिवस जातात. मानधन आणि प्रवासखर्च आम्ही आधीच लेखी कळवतो. ज्या शाळांना एकट्याने परवडत नाही, त्यांनी जवळच्या शाळेबरोबर एकच दिवस वाटून घ्यावा, प्रवास एकदाच पडतो.

तारीख

२० मार्चचा जागतिक कथाकथन दिन, २ एप्रिलचा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन (हान्स क्रिस्तियन अँडरसन यांच्या जन्मदिवसाच्या सुमाराला तो १९६७ पासून साजरा होतो) आणि युनेस्कोने १९९५ साली जाहीर केलेला २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, या तीन तारखांना सगळ्यांनाच लेखक हवे असतात. तेव्हा हवी असलेली व्यक्ती मिळेलच असं नाही. साधा मंगळवार मागा. मुलांना फरक पडत नाही, आणि लेखकांना घाई नसते.

भेटीनंतर

पुस्तकांच्या प्रती महिनाभर वर्गातच राहू द्या. मुलं त्या पुन्हा उघडतात, आणि आता त्यांना आतून आवाज ऐकू येतो. मुलांना लेखकाला पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहू द्या, पण सक्ती नको आणि शुद्धलेखन तपासून पक्की प्रत करायला लावू नका. सगळी पत्रं एकाच पाकिटात आमच्याकडे पाठवा, त्यावर मुलांचे घरचे पत्ते नकोत. उत्तर संपूर्ण वर्गाच्या नावाने येतं, लेखकाच्या हस्ताक्षरात, आणि साधारण महिनाभर लागतो. तोवर मुलं रोज विचारतील. त्यांना सांगा, पत्र लिहिणाऱ्यालाही खाडाखोड करावी लागते.