दोन लिप्यांचा मुलूख आणि बोलणारा फोन

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मजकुरात मध्येच कन्नड ओळ येणं नवं नाही. सरकारी नोटीस कन्नडमध्ये, तिच्यावरची चर्चा मराठीत. डोळ्यांनी वाचणारा लिपी बदलताच सावध होतो. अंधांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र अक्षराचा आकार बघतच नाही, त्याच्यामागचा युनिकोड क्रमांक, म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेला क्रमांक, वाचतो. देवनागरी आणि कन्नड या दोघींना युनिकोडमध्ये १२८ जागांचा आपापला पट्टा आहे, त्यामुळे लिपी ओळखता येते. पण सगळी यंत्रं आपणहून आवाज बदलत नाहीत. मराठी आवाज कन्नड ओळ चक्क गाळून पुढे जाऊ शकतो.

मराठी आणि हिंदीची लिपी तर एकच. तिथे पानाच्या कोडमधली भाषेची खूणच उपयोगी पडते: मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, कन्नडसाठी ‘केएन’. मराठी लेखाला चुकून हिंदीची खूण लागली की ‘विज्ञान’चं ‘विग्यान’ होतं आणि ‘चूल’मधला च ‘चहा’तल्यासारखा उच्चारला जातो. एखाद-दुसरा शब्द चालून जाईल, पण अख्खा लेख असा ऐकणं म्हणजे शिक्षाच! लेखातल्या कन्नड उताऱ्याला वेगळी खूण द्यावी, असं वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

त्याहून वाईट गत जुन्या डीटीपी फॉन्टची. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘भारत’ यंत्राच्या लेखी ‘एच के के जे आर’ असतो. मजकुराचं चित्र करून टाकलं, तर तेवढंही हाती लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो ब्रेल पट्टीवरही, म्हणजे बोटांनी वाचायचे ठिपके वर आणणाऱ्या यंत्रावरही, उमटतो, आणि तिथे सीमाभागाची एक गंमत आहे. भारती ब्रेल या भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत मराठी क आणि कन्नड क एकच, १ आणि ३ क्रमांकांचे ठिपके.

फोटोला वर्णन जोडताना ‘धबधबा’ एवढ्यावर थांबू नये. ‘पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, घटप्रभेचं तांबूस पाणी, वर झुलता पूल’ असं लिहिलं की ऐकणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. उपशीर्षक नुसतं ठळक करू नये, शीर्षकाची शैली लावावी. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारे एका कळीने शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतात. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, मग जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांच्या उजळपणाचं प्रमाण, निदान ४.५:१ हवा. पांढऱ्यावरचा फिकट केशरी रंग जेमतेम २:१ ला पोचतो, मग तो आपल्याला कितीही प्रिय असो.

आपला लेख कसा ऐकू येतो ते अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे त्यातला स्क्रीन रीडर, सुरू करून बघता येतं. ते बंद करायची रीत मात्र आधी बघून ठेवा, कारण ते चालू असताना एका टॅपला फोन फक्त बोलतो, बटण दाबायला दोनदा टॅप करावं लागतं.