दिसू नये म्हणूनच घडवलेले कौशल्य

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्ती पाहायला बसलेल्या माणसाला स्वतःला एकही डाव येत नसला, तरी कोणाची पाठ मातीला लागली हे त्याला स्पष्ट दिसते, आणि म्हणून कोणता मल्ल सरस याबद्दल प्रेक्षकांचे मत आणि वस्तादांचे मत यांत फारसे अंतर पडत नाही. जादूच्या प्रयोगात मात्र हे अंतर टाळताच येत नाही. पत्ता तळहातात दडवण्याची क्रिया जितकी सफाईदार, तितकी ती प्रेक्षकाला कमी दिसते; ती पूर्णपणे साधली, तर तसे काही घडले असा संशयही कोणाला येत नाही. एक कलावंत अनेक वर्षांच्या रियाजाने पत्ता नाहीसा करतो आणि दुसरा दुकानातून आणलेल्या चोरकप्प्याच्या डबीने तेच साधतो. समोरच्या खुर्चीत बसलेल्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा घडते ते एकच, म्हणजे पत्ता दिसेनासा होतो. त्यामुळे जाणकार ज्याच्यापुढे मान लववतात तो जादूगार एक आणि लोकांच्या तोंडी असलेला जादूगार दुसरा, ही स्थिती निव्वळ योगायोगाने आलेली नाही.

प्रेक्षक नेमके काय पाहतो, याचा माग गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात घेतला. एका चित्रफितीत जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो आणि तिसऱ्या वेळी केवळ उडवल्याचा आविर्भाव करतो; चेंडू हातातच राहतो. त्या क्षणी त्याची नजर काल्पनिक चेंडूमागे वर गेली, तेव्हा ६८ टक्के प्रेक्षकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचे ‘दिसले’. नजर हातावरच राहिली, तेव्हा हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद तपासल्यावर असे आढळले की, जिथे चेंडू पाहिल्याचे ते सांगत होते तिथे बहुतेकांची नजर गेलीच नव्हती, उलट वाटेत ती जादूगाराच्या चेहऱ्याकडे वळत होती. बोटांनी केलेले काम दोन्ही वेळा सारखेच होते. तेव्हा कौशल्य फक्त बोटांत मोजणारे जाणकारही थोडे एकांगीच म्हणायचे.

हॅरी हुडिनी यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. कारकिर्दीच्या आरंभी ते स्वतःला पत्त्यांचा बादशहा म्हणवून घेत, पण त्या बळावर त्यांना नाव मिळाले नाही. १८९९ मध्ये मार्टिन बेक या नाट्यव्यवस्थापकाने त्यांना किरकोळ जादू सोडून बेड्यांतून सुटण्याच्या प्रयोगांवर भर देण्याचा सल्ला दिला आणि पुढच्या काही वर्षांतच त्यांचे नाव अमेरिकेत आणि युरोपात झाले. बेडी काय असते हे सर्वांना ठाऊक असते, ती पोलिसांनीच आणलेली असते आणि सुटका झाली की नाही यात वादाला जागा नसते. ज्या कलेत अवघडपणा लपवावा लागतो, त्या कलेत हुडिनींनी तो चव्हाट्यावर मांडला. याउलट उदाहरण पत्त्यांच्या जादूत निष्णात असलेल्या डाय व्हर्नन यांचे. कोणतीही जादू तीनदा पाहिली की आपण तिचे मर्म ओळखतो, अशी हुडिनींची बढाई होती. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्नन यांनी त्यांना पत्त्यांचा एक प्रयोग पुनःपुन्हा दाखवला आणि हुडिनींना तो उलगडला नाही. व्हर्नन १९९२ पर्यंत जगले आणि जगभरचे जादूगार त्यांना आदराने ‘प्रोफेसर’ म्हणत राहिले, पण जादूच्या वर्तुळाबाहेर ते नाव क्वचितच कोणी ऐकले असेल.

तरीही, ज्यांचा अवघडपणा दिसतो अशा अनेकांपैकी एखादाच का गाजतो, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर संगीतावर केलेल्या एका प्रयोगातून मिळते. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी आणि नावे दिसत होती; उरलेल्यांची आठ स्वतंत्र ‘जगां’त विभागणी करून त्यांना आपापल्या जगात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले (डाउनलोड केले), तेही दाखवले. गाणी तीच आणि आरंभीचे आकडे सगळीकडे शून्य, तरी आठ जगांत आठ वेगवेगळ्या क्रमवाऱ्या तयार झाल्या. स्वतंत्र मतांत २६ व्या क्रमांकावर असलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात ४० व्या स्थानावर राहिले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी क्वचितच वर आली. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय निवडले, यावर पुढचे सारे ठरत गेले.

अशी पहिली आघाडी कधी कधी एका संध्याकाळीच मिळून जाते. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात बंगाली जादूगार पी. सी. सरकार यांनी एका तरुणीला यांत्रिक करवतीने कापल्याचा प्रयोग केला. ती उठून बसण्याआधीच निवेदकाने कार्यक्रम आटोपता घेतला आणि मुलगी मेली असे समजून लोकांनी बीबीसीला इतके दूरध्वनी केले की यंत्रणा ठप्प झाली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत सरकार यांचीच चर्चा होती. ‘जगातील सर्वश्रेष्ठ जादूगार’ ही बिरुदावली त्यांनी स्वतःच स्वतःला लावलेली होती, हेही इथे नोंदवायला हवे.

सीमाभागातल्या जादूगाराला हेच गणित दुहेरी लागू पडते, असे मला वाटते. खानापूर किंवा निपाणीत गणेशोत्सवासाठी जादूगार ठरवणाऱ्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी त्याचा प्रयोग बहुधा पाहिलेला नसतो. गेल्या वर्षी तुम्ही कोणाला बोलावले होते, असे ते शेजारच्या गल्लीतल्या मंडळाला विचारतात आणि तेच नाव पक्के करतात. हा विचारपूस करण्याचा धागा भाषेच्या अंगाने चालतो. संगीताच्या तालावर केलेली मूक जादू गोकाकात आणि खानापुरात सारखीच रंगते, पण तिची कीर्ती मराठी वृत्तपत्रे आणि मंडळे यांतून एका वाटेने पसरते आणि कन्नड वर्तुळांतून दुसऱ्या. साल्गानिक यांच्या प्रयोगातल्या दोन जगांसारखीच ही दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. शिवाय मराठीचे केंद्र पुण्या-मुंबईकडे आणि कन्नडचे बंगळूरुकडे असल्याने बेळगावचा कलावंत दोन्हीकडून कडेला राहतो. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे नाव मराठी घरांत जसे पोचले, तसे पोचायला इथल्या माणसाला वाट लांबची पडते.

कडेला असण्याचे हे मोल चित्रकलेत मोजले गेले आहे. सॅम्युएल फ्रायबर्गर, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे ५ लाख चित्रकारांच्या प्रदर्शनांचा अभ्यास केला. सुरुवातीची प्रदर्शने नामांकित दालनांत झालेले बहुतेक चित्रकार वरच राहिले आणि कडेच्या दालनांत सुरुवात केलेल्यांपैकी फार थोडे तिथवर पोचले. त्या थोडक्यांत एक गोष्ट समान होती: त्यांनी सुरुवातीलाच, एकाच ओळखीच्या दालनात पुनःपुन्हा न मांडता, वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक दालनांत आपली चित्रे मांडली होती. बेळगावहून कोल्हापूर आणि धारवाड ही दोन्ही शहरे काही तासांच्या अंतरावर आहेत.