मिलियन डॉलर होमपेज

जाहिरातीची लहान लहान जागा मध्यस्थाशिवाय थेट विकणारे एकपानी संकेतस्थळ. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या क्रिकलेडच्या अ‍ॅलेक्स ट्यू या २१ वर्षांच्या तरुणाने ते २६ ऑगस्ट २००५ रोजी सुरू केले. नॉटिंगहॅम विद्यापीठातला त्याचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तोंडावर आला होता आणि शिक्षणापायी डोक्यावर कर्ज होईल, ही त्याची चिंता होती.

पानावर १००० × १००० पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या सूक्ष्म ठिपक्यांची, जाळी होती. एका पिक्सेलचा भाव एक डॉलर. सुटा पिक्सेल डोळ्यांना जाणवतच नाही, म्हणून निदान १० × १० चा चौकोन घ्यावा लागे, म्हणजे १०० डॉलर मोजावे लागत. शेताची गुंठेवारी करावी तसे पानाचे हे १०,००० तुकडे. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे नेहमीचे चिन्ह १६ × १६ पिक्सेलचे असते; येथील सर्वांत लहान तुकडा त्याच्याही निम्म्याहून कमी. विकत घेणाऱ्याला तेवढ्या जागेत आपले चित्र, त्यावर स्वतःच्या स्थळाचा दुवा आणि माउस नेल्यावर उमटणारी एक ओळ मिळे. पैसे एकदाच द्यायचे. पान किमान पाच वर्षे चालू ठेवण्याची हमी ट्यूने दिली होती.

इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती लावणारी गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा तेव्हा दोन वर्षांची झाली होती. तिच्यात जाहिरात कोणती लागेल हे गूगलची यंत्रणा ठरवी आणि पानाच्या मालकाला मिळकत मुख्यतः क्लिकवर होई. ट्यूच्या पानावर भाव सर्वांना एकच आणि उघड होता. किती जागा गेली, किती उरली, किती पैसे जमले, हे शाळकरी मुलालाही मोजता येई. या उपक्रमाची खरी ताकद या सोप्या हिशेबात होती. बातमीदाराला वेगळे काही समजावून सांगावे लागत नव्हते. नावातच सगळे आले होते.

पहिले ग्राहक मित्र आणि घरचेच. त्यांनी ४,७०० पिक्सेल घेतले. त्यातून आलेले पैसे ट्यूने प्रसिद्धिपत्रकावर खर्च केले. बीबीसीने बातमी दिली आणि विक्रीने वेग घेतला. ९,९९,००० पिक्सेल विकले गेल्यावर उरलेले १,००० त्याने १ जानेवारी २००६ रोजी ईबेवर लिलावात काढले. त्यांना ३८,१०० डॉलर आले आणि एकूण जमा १०,३७,१०० डॉलर झाली. त्याच महिन्यात खंडणीखोरांनी आधी ५,००० आणि मग ५०,००० डॉलर मागितले, सर्व्हरवर पान उघडण्याच्या खोट्या विनंत्यांचा भडिमार केला आणि पान काही दिवस बंद पडले. ट्यूने पैसे दिले नाहीत. विल्टशर पोलीस आणि अमेरिकेची एफबीआय यांनी तपास हाती घेतला.

ज्या पदवीसाठी हा खटाटोप केला, ती ट्यूने अर्धवट सोडली. २०१२ मध्ये त्याने मायकेल अ‍ॅक्टन स्मिथ यांच्यासह ‘काम’ (Calm, म्हणजे शांत) हे ध्यानाचे अ‍ॅप काढले. पिक्सेल विकणारी पुष्कळ पाने नंतर निघाली, पण त्यांना असे यश लाभले नाही. लोक जाहिराती पाहायला येतच नव्हते. पानाची गोष्ट ऐकून येत होते, आणि ती गोष्ट एकदाच नवी असू शकते.

पाच वर्षांची मुदत २०१० मध्ये संपली, तरी पान हटवले गेले नाही. त्यावरचे दुवे मात्र झडत गेले. हार्वर्ड विद्यापीठातील ग्रंथालय नवोपक्रम प्रयोगशाळेने २०१७ मध्ये २,८१६ दुवे तपासले. त्यांपैकी ५४७ उघडलेच नाहीत. आणखी ४८९ दुवे दुसऱ्याच पत्त्यावर किंवा संकेतस्थळांचे पत्ते विकणाऱ्या पानांवर नेत होते. न उघडणाऱ्या दुव्यांखाली ३,४२,००० पिक्सेल होते. मूळ भावाने ३,४२,००० डॉलरचे. त्यांच्या मालकांची रंगीत चित्रे जाळीत आपापल्या जागी तशीच होती.