मिठातला विषाणू झोपतो कसा?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि चमत्काराच्या गप्पांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. चमत्काराच्या बाजूने बोलणारे गप्प झाले. माझं कुतूहल मात्र चाळवलं, कारण या जीवांनाही विषाणूंची लागण होते.

त्या विषाणूंतला माझा आवडता फाय-एच. १९८२ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत वोल्फ्राम झिलिग यांच्या गटाने त्याचं वर्णन केलं. हॅलोबॅक्टेरियम या हॅलोआर्कियाच्या पेशी आपोआप फुटत होत्या, त्या फोडणारा हाच. कधी तो पेशी फोडतो, तर कधी आपल्या डीएनएचं कडं करून आत निपचित पडून राहतो. हे ठरतं कसं?

त्याच्या डीएनएवर दोन जनुकं पाठीला पाठ लावून उभी आहेत, टी४ आणि टी६. टी४ वाचलं गेलं की पेशी फोडायची तयारी सुरू. टी६ मधून एक दमनकारी, म्हणजे जनुकाचं वाचन रोखणारं, प्रथिन तयार होतं. ते दोघांच्या मधल्या जागेत जाऊन बसतं, आणि टी४ चं वाचन सुरूच होत नाही. आता गंमत बघा. आर्किया म्हणजे जिवाणूंहून वेगळा, हॅलोआर्कियांचा मोठा गट. त्यांच्यात जनुक वाचायची यंत्रणा आपल्या पेशींच्या वळणाची: डीएनएवर टाटा नावाची खूण, तिला चिकटणारं टीबीपी हे प्रथिन, मागोमाग टीएफबी हे दुसरं, मग जनुकाची आरएनए प्रत काढणारं आरएनए पॉलिमरेज. पण ती थांबवणारं हे प्रथिन थेट जिवाणूंच्या विषाणूंतल्या दमनकारी प्रथिनांसारखं! कुलूप एका घराण्याचं, किल्ली दुसऱ्याची.

शिवाय दुसरा पहाराही आहे. लागणीच्या सुरुवातीला विषाणू एक उलटा आरएनए बनवतो. तो विषाणूच्याच दुसऱ्या एका संदेशवाहक आरएनएच्या पुढच्या टोकाशी जोडी जमवतो आणि तिथे पेशीतल्या विकराची कात्री चालते.

हे सगळं घडतं कुठे? या पेशींच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं प्रमाण चार मोलरच्या घरात असतं. प्रयोगशाळेत डीएनएवरून प्रथिनं सोडवायची असतील तर आपण त्यावर मीठच ओततो. फाय-एचचं दमनकारी प्रथिन मात्र त्या मिठात आपली जागा धरून बसतं.