सॉल्ट डोची लटकनं आणि त्यांची सजावट

मैदा, मीठ आणि पाणी एकत्र मळून, त्याचे आकार कापून, ते कडक वाळवून आणि मग रंगवून केलेल्या शोभेच्या वस्तू म्हणजे सॉल्ट डोची लटकनं. युरोप-अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडावर टांगायला घरोघरी करतात, जर्मनीत तर ही चांगली मुरलेली हस्तकला आहे. इक्वाडोरमधल्या कीटोजवळचं काल्देरोन हे गाव पिठाच्या रंगीत बाहुल्यांसाठीच ओळखलं जातं, त्या परंपरेचं मूळ तिथे 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी करतात त्या बाळाच्या आकाराच्या पावात आहे. आपल्याकडे दिव्याच्या आवसेला कणकेचे दिवे करतात पण ते गूळ घालून, उकडून, तुपाबरोबर खायचे असतात, ही लटकनं मात्र अजिबात खायची नाहीत.

प्रमाण सोपं आहे, 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि साधारण 1 वाटी पाणी, पण पाणी एकदम ओतायचं नाही, गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट झाला की थांबायचं. खडेमीठ नको, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि बारीक रेघा काढताच येत नाहीत. गव्हाचं पीठ चालतं पण वस्तू तपकिरी होते आणि वरचे फिके रंग मळकट दिसतात. बेकिंग पावडर घातलेलं पीठ तर नकोच, फुगून आकार बिघडतो.

खरी सजावट ओल्या पिठातच सुरू होते आणि लोक नेमकी हीच पायरी घाईत उरकतात. अर्धा सेंटीमीटर जाडीची पोळी लाटायची, साच्याने नाहीतर सुरीने आकार कापायचे, कडेला नागमोडी हवी असेल तर करंजीचं कातणं फिरवायचं. झाडाचं खरं पान दाबलं की शिरा हुबेहूब उमटतात, लेसचा तुकडा दाबला की जाळी उमटते, लवंग खोचली की सफरचंदाचा देठ तयार. मेंढीची लोकर किंवा बाहुलीचे केस करायला सोऱ्यात शेवेची चकती घालून पीठ दाबायचं, फक्त सोऱ्या लगेच धुवा, एवढं मीठ पितळेला आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. वेगळा केलेला भाग चिकटवताना दोन्हीकडे पाण्याचं बोट लावायचं, नाहीतर वाळल्यावर तो टपकन पडतो. आणि दोरा ओवायचं भोक आत्ताच पाडायचं, स्ट्रॉने, जरा मोठंच, कारण नंतर पाडायला गेलं की तुकडा पडतो.

मग ओव्हन साधारण 100 ते 120 अंशांवर ठेवून दोन-तीन तास, मधे एकदा उलटून. आच वाढवून वेळ वाचवायला गेलात की फुगे येतात, तडे जातात, रंग करपतो. ओव्हन नसेल तर पंख्याखाली काही दिवस, रोज बाजू पालटत. आत ओल राहिली आणि वरून रंग-व्हार्निश चढवलं तर ती आतच कोंडते आणि महिन्याभरात वस्तू मऊ पडते, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश हातात घेऊच नका.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. वॉटरकलरमध्ये पाणी फार, त्याने मीठ विरघळून वरचा थर चिकट होतो. आधी पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात मारला की लाल-पिवळे खुलतात, त्यानंतर पातळ पातळ दोन हात, प्रत्येक वेळी वाळू देऊन, आणि सगळ्यात शेवटी डोळे, ठिपके, नाव, तारीख. चमकी ओल्या रंगावर भुरभुरायची, प्लॅस्टिकच्या टिकल्या आणि मोती लटकन भाजून गार झाल्यावरच चिकटवायचे. रंगाचा व्याप नको असेल तर मळतानाच हळद, कोको किंवा खायचा रंग घाला, किंवा भाजायच्या आधी वरून फेटलेलं अंडं लावा, त्याने पावासारखी तकाकी येते, माझ्या मते हीच रीत सगळ्यात देखणी दिसते.

व्हार्निश मात्र टाळता येत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं आणि मुंबई-कोकणात, गोव्यात पावसाळाभर ती त्याहून जास्तच असते. त्यामुळे पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतसुद्धा व्हार्निशचे दोन-तीन हात हवेत. पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचा हात कोरड्या गावात चालून जातो, दमट हवेत तो परत चिकट होतो. नाताळ झाला की लटकनं टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, हवाबंद डब्यात ठेवायची.

घरात कुत्रा असेल तर ही लटकनं झाडाच्या खालच्या फांद्यांवर लावू नका. पिठाच्या वासाने तो खाऊन टाकतो आणि इतकं मीठ पोटात गेलं की उलट्या, थरथर, झटके, अगदी जीवावर बेतू शकतं, खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लगेच व्हेटकडे न्यायचं.