बाह्य एसएसडीची मंदगती

यूएसबी केबलने संगणकाला जोडलेल्या एसएसडीचा (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचा) वेग वेष्टनावरील आकड्याच्या बराच खाली राहणे. तो आकडा मोठ्या फाइलच्या सलग वाचनाचा असतो. हजारो लहान फाइली हळू जाणे हा दोष मानत नाहीत.

निदान मुख्यतः वेगाच्या आलेखावरून होते. वेग पहिल्यापासून सेकंदाला ३०–४० मेगाबाइटवर अडला असेल, तर जोडणी यूएसबी २.० वर (सन २०००; सेकंदाला ४८० मेगाबिट) उतरलेली असते. सांगली-मिरजेतल्या स्टुडिओत लग्नाचे २०० गीगाबाइट चित्रीकरण मग सुमारे दीड तास घेते. ५ गीगाबिटच्या जोडणीवर दहा मिनिटे पुरतात. कारण बहुधा मोबाइल चार्जिंगची सी-टाइप केबल असते. तिच्यात जलद वहनाच्या तारा नसतातच. चौकोनी पिन अर्धवट किंवा सावकाश घातली तरी हेच घडते. सी-टाइप पिन उलटून घातल्यावर वेग वाढला, तर एका बाजूचे संपर्क मळलेले वा झिजलेले समजावेत.

खोक्यावरील नावे दिशाभूल करतात. २००८ चे ‘३.०’ हेच २०१३ नंतर ‘३.१ जेन १’ आणि २०१७ नंतर ‘३.२ जेन १’ झाले. वेग तिन्हींचा ५ गीगाबिटच. त्यामुळे नाव सोडून गीगाबिट वाचावेत.

यूएएसपी ही संगणकाकडून ड्राइव्हला आज्ञा पाठवण्याची पद्धती यूएसबी ३.० चाच भाग असल्याचे काही ठिकाणी म्हटले जाते. मात्र तिचा तपशील २००९ च्या सुमाराचा व स्वतंत्र असून ती २.० वरही चालू शकते. तेव्हा तिला वेगळे मानणे अधिक सयुक्तिक. जुन्या पद्धतीत एक आज्ञा पुरी झाल्याशिवाय दुसरी जात नाही, यूएएसपीत त्यांची रांग लावता येते. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी -टी’ या आज्ञेच्या उत्तरात ‘यूएएस’ऐवजी ‘यूएसबी-स्टोअरेज’ दिसल्यास जुनी पद्धत चालू आहे. सहसा एसएसडीच्या डबीतील ब्रिज चिप (यूएसबी आणि ड्राइव्ह यांच्यातला दुभाषा) तिला कारण असते.

वेग आधी चांगला असून काही गीगाबाइटनंतर कोसळला, तर एसएलसी कॅशे (नवी माहिती आधी झटपट घेणारा ड्राइव्हमधला भाग) भरलेला असतो. क्यूएलसी (एका कोशात चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हमध्ये ही घसरण सर्वांत तीव्र. ड्राइव्ह जितका भरलेला तितका कॅशे लहान. किती जागा मोकळी ठेवावी याबद्दल १० टक्के व २० टक्के अशी दोन मते असून, क्यूएलसीसाठी दुसरे बरे. थोडा वेळ थांबल्यावर वेग परततो. उष्णतेनेही अशीच घसरण होते, पण तेव्हा डबी हाताला चटका देते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि लग्नसराईही तेव्हाच. डबी लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यापासून दूर, धातूच्या पृष्ठभागावर ठेवावी.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्हच्या ‘पॉलिसीज’मध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडता येते; मग माहिती आधी संगणकाच्या स्मृतीत थांबून नंतर ड्राइव्हवर लिहिली जाते. त्यानंतर ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल ओढल्यास, किंवा डेस्कटॉपची वीज गेल्यास, न लिहिलेली माहिती जाते. यूपीएस नसेल तर हा पर्याय टाळावा. डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे सलग मांडणे) करू नये. ब्रिज चिप ट्रिमची (पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कळवणारी) आज्ञा पुढे पाठवत असेल, तर ‘ऑप्टिमाइझ’ पुरते.