वर्गसमीकरण सोडवण्याच्या पद्धती

ज्या समीकरणात एकच चल असते आणि त्याचा सर्वांत मोठा घातांक २ असतो, ते वर्गसमीकरण. त्याचे सामान्य रूप अक्ष² + बक्ष + क = ० असे लिहितात. यात क्ष हे चल, तर अ, ब, क हे सहगुणक, म्हणजे दिलेल्या संख्या. अ शून्य नसावा, नाहीतर उरते ते रेषीय समीकरण. चलाच्या ज्या किमतींनी समीकरणाचे समाधान होते त्यांना मुळे म्हणतात.

शाळेत प्रथम भेटते ती अवयव पद्धत. ३क्ष² + ५क्ष − २ = ० घ्या. गुणाकार −६ (म्हणजे अ × क) आणि बेरीज ५ येईल अशा संख्या ६ आणि −१. मधले पद तसे फोडले की (३क्ष − १)(क्ष + २) = ० मिळते; गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य असतोच, म्हणून क्ष = १/३ किंवा −२. पद्धत झटपट खरी, पण ती चालेलच असे नाही. सहगुणक पूर्णांक असूनही ब² − ४अक ही पूर्ण वर्ग संख्या नसेल, तर परिमेय अवयव पडतच नाहीत.

हमखास चालते ती पूर्ण वर्ग पद्धत. नेहमीच्या मांडणीत आधी अ ने भागतात आणि मग अपूर्णांकांचा पसारा वाढतो. प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती यापेक्षा सरस आहे: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणावे आणि ब² मिळवावा. वरच्या उदाहरणात १२ ने गुणून ३६क्ष² + ६०क्ष = २४; २५ मिळवल्यावर (६क्ष + ५)² = ४९. म्हणजे ६क्ष + ५ = ±७, आणि मुळे तीच. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम दुसऱ्या भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे टिकला. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्येच याच्याशी समतुल्य नियम दिला होता.

हीच कृती अक्षरांवर केली की सूत्र हाती येते:

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

तेव्हा सूत्र पद्धत वेगळी मोजायची ती केवळ सोयीसाठी. वर्गमुळाखालच्या राशीला विवेचक म्हणतात. सहगुणक वास्तव असताना तो धन असेल तर दोन भिन्न वास्तव मुळे, शून्य असेल तर समान मुळे, ऋण असेल तर संमिश्र मुळांची जोडी मिळते.

मिळालेले प्रत्येक मूळ शाब्दिक उदाहरणात बसेलच असे नाही. भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत जातात, एक उरते. उत्तरे ५० आणि ५. पण ५ घेतल्यास ‘पाचवा हिस्सा वजा तीन’ ऋण होतो, म्हणून ते उत्तर त्यांनी सोडले.

आकडेमोडीत सूत्रही दगा देऊ शकते. क्ष² − १०००क्ष + १ = ० मध्ये लहान मूळ ५०० − √२४९९९९ आहे. चारच सार्थ अंक ठेवले तर वर्गमूळ ५००.० येते आणि वजाबाकीचे उत्तर शून्य! अशा वेळी आधी मोठे मूळ काढावे, आणि मुळांचा गुणाकार क/अ असतो याचा उपयोग करून दुसरे भागाकाराने मिळवावे: १/१०००, म्हणजे ०.००१.